आंबा ठेवला, फणस तोडला: दापोली तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी ११०-१२० किलोमीटरचा होता. शेजारच्या मंडणगड आणि दापोली तालुक्यांत माडा-पोफळींची आगरं एका दुपारात आडवी झाली, कौलं उडाली, कितीतरी दिवस वीज नव्हती. वर्ष भरायच्या आत, मे २०२१ मध्ये, तौक्ते किनाऱ्याला समांतर वर सरकलं. या दोन वादळांत जी जुनी झाडं पडली ती पडलीच. पण त्यानंतर निव्वळ भीतीपोटी जी तोडली गेली त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही, आणि मला त्यांचं जास्त वाईट वाटतं. खाऱ्या वाऱ्याने समुद्राकडची पानं करपली की लोकांनी ठरवलं, झाड मेलं. खोडात ढोली दिसली की ठरवलं, हे आता पडणार. करपलेली झाडं पुष्कळदा पुढच्या पालवीला सावरतात, आणि ढोली असलेली झाडं पिढ्यानपिढ्या उभी राहतात. उलट बाहेरून हिरवंगार, फळांनी लगडलेलं झाड मुळातून संपलेलं असू शकतं. हे प्रकरण नेमकं तसंच आहे. घरच्यांच्या संमतीने लिहितो आहे. नावं आणि गाव दिलेलं नाही.

घर डोंगराच्या पायथ्याशी आहे. कौलारू, पुढे पडवी, समोर अंगण, मागे परसू, आणि खाली समुद्राच्या बाजूला माडाचं आगर. जमीन जांभ्याची. वरची माती कुठे हातभर, कुठे वीतभर, आणि तिच्याखाली कातळ. अशा जमिनीत मोठ्या झाडाची मुळं खोल जात नाहीत. कातळाच्या भेगा शोधत आडवी पसरतात आणि पानांच्या घेराच्याही बरीच बाहेर जातात. पुढचं सगळं समजायला एवढं लक्षात असावं.

अंगणाच्या कडेला रायवळ आंबा. फळाला शेपूसारखा वास, म्हणून घरात त्याचं नाव शेप्या. छातीच्या उंचीला खोडाचा घेर साडेतीन मीटर. आजींच्या आजेसासऱ्यांनी लावला असं घरात सांगतात. घेरावरून आपल्याकडच्या आंब्याचं वय नेमकं काढता येत नाही, त्यामुळे त्यात मी शिरत नाही; शंभरी ओलांडली असावी हे पटण्यासारखं आहे. परसात कापा फणस, आंब्यापेक्षा तरुण, दरवर्षी बुंध्यापासून लगडणारा. काही वर्षांपूर्वी पर्यटकांसाठी परसाच्या पूर्वेला दोन खोल्या बांधल्या, अंगणात गाड्यांसाठी पेव्हर ब्लॉक बसवले आणि खोल्यांच्या संडासासाठी फणसाजवळ शोषखड्डा खणला.

झाडं तपासायला मला बोलावलं ते आंब्यासाठी. तो शेजारच्या तात्यांच्या घराकडे कललेला. एक लांब फांदी पडवीवरून जाऊन तात्यांच्या कौलांवर पोचलेली, आणि माणूस अर्धा आत शिरेल एवढी ढोली. तात्यांचं म्हणणं एका वाक्यात होतं: "आंबा तुमचा, पण छप्पर माझं." त्यांनी तहसीलदारांकडे अर्ज करायची तयारी केली होती. पडायला आलेलं झाड लोकांना धोक्याचं ठरत असेल तर कार्यकारी दंडाधिकारी मालकाला ते काढायचा किंवा आधार द्यायचा आदेश देऊ शकतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये ही तरतूद होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. तात्या भांडखोर नाहीत. निसर्गच्या दिवशी त्यांनी त्या फांदीखाली बसून चार तास काढले होते.

घरात तीन मतं. डोंबिवलीचा धाकटा मुलगा म्हणे, दोन्ही झाडं काढा, पाहुण्यांची जबाबदारी कोण घेणार. गावी राहणारा थोरला म्हणे, आंबा अर्ध्यावर छाटू, बागांमध्ये करतात तसं. आजी एवढंच म्हणाल्या, "तोडायचाच असेल तर माझ्या माघारी तोडा." फणसाबद्दल कोणाचंच काही म्हणणं नव्हतं. तो चांगला होता ना.

आंब्याची तपासणी

कललेलं झाड पाहिलं की पहिला प्रश्न, हा कल कधीचा? शेप्याचं खोड खाली कललेलं, पण वर गेल्यावर धनुष्यासारखं वळून सरळ झालेलं. म्हणजे कल जुना, आणि झाडाने तो ओळखून वर्षानुवर्षं स्वतःला सावरलेलं. खोडावर जादा लाकूड घातल्याचे फुगवटे हाताला लागत होते. कलाच्या विरुद्ध बाजूची माती अखंड, भेग नाही, मूळ उचललेलं नाही. नवा कल वेगळा दिसतो: खोड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सरळच्या सरळ तिरकं, आणि पाठच्या बाजूला माती फाटलेली. तसं दिसलं तर त्या झाडाखाली थांबू नये.

मग ढोली. झाडाच्या मधलं जुनं लाकूड त्याला जगायला लागत नाही. पाणी आणि अन्न वाहतं ते बाहेरच्या थरांतून, त्यामुळे पोकळ झाड हिरवंगार राहू शकतं. प्रश्न फक्त ताकदीचा असतो. घट्ट लाकडाची भिंत खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश असेल तर पोकळ खोड सहसा उभं राहतं, असा एक ठोकताळा आहे. ढोली एका बाजूला उघडी असेल तर त्यावर पूर्ण विसंबू नये. इथे त्रिज्या सुमारे ५५ सेंटीमीटर, म्हणजे १८ सेंटीमीटर भिंत हवी. लाकडी हातोडीने खोड सगळीकडून ठोकलं आणि आवाज बदलला तिथेच बारीक ड्रिल घालून पाहिलं. जास्त भोकं पाडू नयेत, प्रत्येक भोक ही नवी जखम असते. तीन बाजूंना वीस ते पंचवीस सेंटीमीटर घट्ट लाकूड मिळालं. उत्तरेला बाराच.

ढोलीत सिमेंट होतं. कोणे एके काळी कुणी चांगल्या हेतूने भरलेलं. वाऱ्यात खोड वाकतं, सिमेंट वाकत नाही. दोघांमध्ये फट पडते, तिच्यात पाणी साचतं आणि कुजणं उलट वाढतं. ढोल्या भरायची पद्धत जाणकारांनी केव्हाच सोडली आहे, गावाकडे मात्र अजून चालते. सुटे तुकडे हाताने काढले. घट्ट बसलेला भाग तसाच ठेवला, कारण तो छिन्नीने फोडताना आतलं चांगलं लाकूड जखमी झालं असतं. वरच्या कोनाड्यात पिंगळ्याची जोडी होती, तिकडे कोणी हात लावला नाही.

खोडावर चार-पाच ठिकाणी भुसा. भिरुड, म्हणजे आंब्याचा खोडकिडा. कोरडा, काळपट भुसा जुना असतो. ओलसर आणि फिकट असेल तर अळी आत आहे असं समजायचं. ही अळी बोटभर लांब होते आणि खोडात बोगदे करते. ती बहुतेक आधीच दमलेल्या झाडाला गाठते, म्हणून मला भुशापेक्षा झाड का दमलं याची काळजी जास्त होती. शेंड्याला वाळक्या फांद्या, आणि तीन ठिकाणी बांडगूळ.

दमण्याचं कारण पायाशी होतं. बुंध्याभोवती चिऱ्यांचा पार बांधून आत दोन फूट माती भरली होती. देखणा दिसत होता. पण बुंध्याची साल मातीत गाडून ठेवण्यासाठी नसते. ती कायम ओली राहिली की कुजते, आणि भरावाखालच्या जुन्या मुळांना हवा मिळत नाही. पाराच्या बाहेर पेव्हर ब्लॉक, त्यांच्याखाली धुम्मस केलेली खडी, वर गाड्यांचं वजन. शिवाय छपराची पन्हळ थेट पारात सोडलेली. दापोलीचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वरचा. चार महिने ते सगळं पाणी बुंध्यात. पार काढल्याशिवाय या झाडाबद्दल काहीच ठरवता येणार नाही असं मी सांगितलं, आणि माणसं लावून तो त्याच आठवड्यात उतरवला. माती कुदळीने काढली नाही. खुरपं आणि हात, शेवटी पाण्याची बारीक धार. साल दोन ठिकाणी मऊ, बाकी शाबूत. मोठी मुळं चारही दिशांना धरून होती.

फणस

परसातून परत येताना फणसाच्या बुंध्याशी बुरशीचे तपकिरी, चकचकीत, कानासारखे अर्धगोल दिसले. घरच्यांनी ते पाहिले होते. पावसात अळंबी येतात तशीच समजून कोयत्याने उडवायचे, पुढच्या वर्षी पुन्हा यायचे. अशी कठीण, लाकडासारखी बुरशी बुंध्यावर दरवर्षी येत असेल तर ती वरवरची नसते. ते तिचं फळ. बुरशी आत, मुळांच्या लाकडात पसरलेली असते.

इथे सळई वापरली. नैर्ऋत्येच्या दोन जाड मुळांखाली ती दाबल्याबरोबर वीतभर आत गेली, ओल्या भुशात जावी तशी. शोषखड्डा याच बाजूला, बुंध्यापासून दोन मीटरवर. खणताना या बाजूची मुळं तोडली होती, आणि त्या जखमांतून कुज आत शिरली असावी. त्यात खड्ड्याची कायमची ओल. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येचा. वाऱ्याच्या बाजूची मुळं ताणली जातात आणि झाडाला दोरासारखी धरून ठेवतात. तीच गेली होती. फणसाचा तोल उलट बाजूला, ईशान्येला, म्हणजे पाहुण्यांच्या खोल्यांकडे. खड्ड्याच्या अंगाला मातीत बोटभर रुंदीची भेग, पातेऱ्याखाली, म्हणजे गळलेल्या पानांखाली, झाकलेली. पानं हिरवी होती, पण शेंड्याची लहान; आणि त्या वर्षी फणस नेहमीपेक्षा जास्त धरले होते. संकटातलं झाड कधीकधी असं अंग झाडून फळतं आणि पाहणाऱ्याला ते निरोगी वाटतं.

फणस काढायला हवा, आणि पावसाच्या आधी, हे सांगितल्यावर घरात शांतता पसरली. ज्या झाडासाठी बोलावलं ते राहणार आणि ज्याचा विषयच नव्हता ते जाणार, हे कुणाला पटेना. थोरल्याला मी सळई हातात दिली. त्याने स्वतः दाबून पाहिली.

परवानगी

खाजगी जागेतलं झाड म्हणून वाटेल तेव्हा तोडता येत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आंबा आणि फणस दोन्ही आहेत. साग, चिंच, जांभूळ, ऐन, किंजळ हेही. वन विभागाकडे अर्ज करावा लागतो, पाहणी होते, मग परवानगी. (नगरपालिकेच्या हद्दीत १९७५ चा झाडांचं संरक्षण व जतन अधिनियम लागू होतो, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण आहे.) इथली खरी अडचण सातबारा होती. उताऱ्यावर आजींच्या मुलांबरोबर दिवंगत चुलत्यांचे वारस, एक पुण्याला, एक बडोद्याला. कोकणात घरोघरी हीच कथा आहे, म्हणून सांगतो: जुनं झाड घराजवळ असेल तर हिस्सेदारांची संमती मे महिन्यात धावत गोळा करू नका, सवडीने आधीच लिहून ठेवा. इथे बुरशी, भेग आणि खड्डा यांचे फोटो तारखेसह जोडले, ते उपयोगी पडले. आंब्याच्या फांद्या कमी करण्याबद्दलही त्याच अर्जात लिहून टाकलं.

परवानगी येईपर्यंत पूर्वेच्या खोल्या बंद ठेवल्या. ऐन मे महिन्याच्या हंगामात. धाकट्याने यावर वाद घातला नाही, हे मला नमूद करावंसं वाटतं.

फणस वरून तुकड्या-तुकड्याने, दोर लावून उतरवला. बुंधा कापल्यावर मधोमध काळपट, मऊ पट्टा दिसला आणि बोलणं संपलं. वरचं खोड मात्र सोन्यासारखं पिवळं निघालं. त्याच्या फळ्या पाडून मांगरात सावलीला रचल्या आहेत. दारांना फणसाइतकं चांगलं लाकूड गावात दुसरं नाही. बुरशीचा बुंधा आणि मुळं निघतील तेवढी काढून टाकली, आणि त्या जागी लगेच दुसरं झाड लावू नका असं सांगितलं.

अर्ध्यावर छाटणी का नको

थोरल्याची सूचना हवेतली नव्हती. दाट झालेल्या जुन्या हापूस बागा छाटून पुन्हा उत्पन्नात आणायचं तंत्र दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने बागायतदारांपर्यंत पोचवलं आहे, आणि ते उत्तम आहे. पण ते बागेसाठी, निरोगी खोडाच्या झाडांसाठी, आणि छाटल्यावर येणाऱ्या फुटव्यांची पुढची काही वर्षं विरळणी करणाऱ्या माणसासाठी. शंभरीच्या पोकळ झाडाचा शेंडा उडवला तर त्याची बहुतेक पानं जातात, म्हणजे अन्न जातं, आणि तेही मुळं आधीच उपाशी असताना. मांडीएवढ्या जाड जखमा बुजत नाहीत, तिथून कुज खाली उतरते. वर झाडूसारखे फुटवे येतात. ते सालीजवळच्या थरातून निघालेले, धरायला पक्कं लाकूड नसलेले. दहा वर्षांनी ते जड होतात आणि पडवीवर तुटून पडतात. आजचा धोका कमी होत नाही, पुढे ढकलला जातो आणि वाढतो.

म्हणून आंबा आतून नाही, टोकाकडून कमी करायचं ठरलं. मेमध्ये फक्त वाळकं काढलं. खरी छाटणी ऑक्टोबरमध्ये, पाऊस उघडल्यावर. जखमा कोरड्या हवेत राहतात आणि मोहोराला अजून अवकाश असतो. एका वेळी एकूण पानांपैकी सहाव्या हिश्शाहून जास्त नाही. तात्यांच्या छपरावरची फांदी मुळापासून न काढता दोन मीटर आत घेतली, जिथे तिला जोमदार उपफांदी फुटली होती तिथपर्यंत. लांबी थोडी कमी झाली तरी बुंध्यावरचा ताण बराच उतरतो, कारण वारा टोकाशी जास्त जोर लावतो.

कापायची रीत सगळ्यांनी शिकावी अशी आहे. पहिला काप खालून, थोडासा. दुसरा वरून, जरा पुढे. फांदी तुटून पडते आणि साल खाली सोलत जात नाही. उरलेला खुंट तिसऱ्या कापाने, फांदीच्या मुळाशी असलेल्या सुरकुतलेल्या फुगवट्याच्या अगदी बाहेर. तो फुगवटा कापायचा नाही. जखम बुजवणारं लाकूड तिथूनच येतं. आमच्याकडचे पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ काढणारे, कोयत्याने झपकन खोडाला लागून साफ करतात, दिसायला सुबक दिसतं, आणि झाडाची तीच जागा जाते. आंब्याचा चीक अंगाला लागला तर भाजतं, तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत.

कापांवर बोर्डो पेस्ट लावली: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, लोखंडी भांड्यात नाही. आतली कुज तिने थांबते असं मी म्हणणार नाही; ती भिंत झाड स्वतःच आत उभी करतं. पण आपल्या दमट हवेत बुरशीला आणि भिरुडाला उघडी जखम मिळू नये म्हणून पातळ लेप पुरे. भिरुडाच्या ताज्या भोकांतून आकड्याच्या तारेने अळ्या ओढून काढल्या आणि भोकं चिखलाने लिंपली. बांडगुळं त्यांच्या चिकटण्याच्या जागेच्या हातभर खालून, फांदीसकट कापली. नुसतं बांडगूळ ओरबाडलं तर ते पुन्हा फुटतं, आणि फळं पिकू दिली तर पक्षी ती सगळ्या आवाठात, म्हणजे वस्तीभर, पोचवतात.

पायाशी केलेलं काम सर्वांत साधं आणि माझ्या मते सर्वांत मोलाचं. पेव्हर काढले, पन्हळ गडग्याबाहेर, म्हणजे दगडी कुंपणाबाहेर, वळवली, आणि पानांच्या घेराखाली चार बोटं पातेरा पसरला, खोडापासून वीतभर दूर ठेवून. आजवर तो गोळा करून जाळला जात होता. युरिया घातला नाही. बागा कराराने घेणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने कल्टार द्या, दरवर्षी धरेल असं सुचवलं. ते वाढ रोखून मोहोर आणणारं औषध आहे, आणि शेप्याला नवी वाढ हवी होती. नाही म्हटलं.

गाड्या आता पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, तोंडाशी लागतात आणि पडवीतला झोपाळा दुसऱ्या टोकाला गेला. झाडाचा धोका म्हणजे ते पडण्याची शक्यता आणि त्याखाली कोण आहे, या दोन्हींचा हिशोब. दुसरी बाजू बदलायला करवत लागत नाही. छाटणीनंतरच्या दुसऱ्या पावसात मनगटाएवढी एक फांदी पडली, ती रिकाम्या जागेवर.

सध्याची स्थिती अशी. पार काढल्यावर मऊ झालेली साल वाळून सुटली, खाली नवी कड धरते आहे. पालवी घट्ट आणि गर्द आली. ताजा भुसा एकाच जागी. आंबे गेल्या मोसमात कमी लागले, ते अपेक्षितच होतं. बाठा रुजवून आईसारखंच फळ येईल याची खात्री नसते, म्हणून शेप्याच्या काड्या घेऊन पावसाळ्यात कोय कलमं बांधली. त्यांतली जगलेली तीन तात्यांच्या गडग्यापासून लांब, आगराच्या वरच्या बांधावर लावली. शोषखड्डा हलवायचा की नाही यावर दोघा भावांचं अजून जुळलेलं नाही. फणस गेला तरी आंब्याची त्या बाजूची मुळं खड्ड्यापर्यंत पोचतात, तेव्हा तो हलवावा असंच माझं मत मी लिहून दिलं आहे.

उत्तरेची भिंत या ऑक्टोबरमध्ये पुन्हा मोजायची आहे. ती बारा सेंटीमीटरच्या खाली गेली असेल तर त्या बाजूचा भार आणखी कमी करावा लागेल आणि लांब फांदीला लोखंडी पाइपचा टेकू द्यावा लागेल. टेकूचा पाया तात्यांच्या हद्दीत येतो. त्यांना विचारून झालं आहे, ते हो म्हणाले.